पंप छातीत, थरथर हातात

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत तीस वर्षं यंत्रमाग चालवलेले आमचे शेजारचे मामा दम्याचा निळा पंप ओढतात आणि हात पुढे करतात. "बघा की ओ, थरथरतोय. छातीबी धडधडतीय. स्टिरॉइड असतंय ह्यात!"

नसतं हो. त्यात असतं साल्ब्युटामॉल, एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. ते बीटा-२ रिसेप्टरना (रिसेप्टर म्हणजे रसायनाचा निरोप घेणारी पेशीवरची जागा) चेतवतं आणि श्वासनलिकेचे स्नायू सैलावतात. तेच रिसेप्टर हाताच्या स्नायूंतही असतात, म्हणून थरथर. धडधडीला कारणं बरीच. त्यातलं एक माझ्या फार आवडीचं.

ताण आला की सिंपथेटिक, म्हणजे शरीराला धावपळीसाठी सज्ज करणाऱ्या, मज्जातंतूंची टोकं हृदयावर नॉरॲड्रेनॅलिन सोडतात. (स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलरनं हे रसायन १९४६ मध्ये ओळखलं.) टोकात त्याच्या पुड्या भरलेल्या असतात, विजेचा संदेश पोचला की कॅल्शियम आत शिरतं आणि पुड्या रिकाम्या होतात. गंमत अशी, की रिसेप्टर फक्त समोरच्या पेशीवर नसतात, खुद्द सोडणाऱ्या टोकावरही असतात.

आपल्याकडे कडक भाकरी करणारी बाई टोपलीतला ढीग बघून हात आवरते. मज्जातंतूचं टोकही आपणच सोडलेलं नॉरॲड्रेनॅलिन अल्फा-२ रिसेप्टरनं चाचपतं. फार झालं की कॅल्शियमची वाट अरुंद होते. क्लोनिडिन हे औषध म्हणजे टोपलीत कुणी गुपचूप ठेवलेला खोटा ढीग. १९६०च्या सुमारास जर्मनीत ते चोंदलेल्या नाकासाठी बनवलं होतं. थेंब घातलेली एक सेक्रेटरी दिवसभर झोपली, रक्तदाब उतरला, आणि रक्तदाबाचं नवं औषध हाती लागलं! मेंदूतही ते हेच रिसेप्टर चेतवतं. एकदम बंद केलं तर मात्र रक्तदाब उसळतो.

टोकावरचा बीटा-२ याच्या उलट. तो म्हणजे पंगतीतून आलेली "वाढा, वाढा" ही हाक. पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप्या रसायन वाढतं आणि दर संदेशाला जास्त पुड्या सुटतात. साल्ब्युटामॉल ही हाकही देऊ शकतं.

मामा मृगाला हैदराबादला जाऊन दोनदा दम्यासाठी जिवंत मासा गिळून आलेत. त्या माशाचा कुठला रिसेप्टर, ते त्यांनाच विचारा.

परवा त्यांनी विचारलं, "बायकोची धडधडीची गोळी घेऊ का?" ती प्रोप्रॅनोलॉल निघाली. ती बीटा-२सुद्धा अडवते. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका तिनं आवळतात, आणि मग पंपही नीट लागू पडत नाही. मी गोळी काढून घेतली.