किती डिग्री ते कळलं, पण दम किती?

कोल्हापुरात पोरीच्या पाठीचा बाक पुष्कळदा डॉक्टरच्या आधी शिंप्याच्या नजरेला येतो. गणवेशाचं माप घेताना एक खांदा उतरता निघतो, मागचं एक खवाट जरा वर आलेलं दिसतं. मग एक्स-रे होतो आणि घरात एकच प्रश्न फिरायला लागतो: किती डिग्री? राधानगरी, गडहिंग्लजकडून दाखवायला आलेले आईवडीलही तेच विचारतात. सोबत दप्तराच्या ओझ्याला बोल लावून होतो. किशोरवयात कारणाशिवाय येणाऱ्या या बाकाला, म्हणजे स्कोलिओसिसला, दप्तर जबाबदार असल्याचं कधी सिद्ध झालेलं नाही, पण ही समजूत काही जात नाही. या सगळ्यात डॉक्टर ‘पीएफटी करून या’, म्हणजे फुफ्फुसांची तपासणी करून या, म्हणाले की घरचे बुचकळ्यात पडतात. दुखणं पाठीचं, मग फुंकायची टेस्ट कशाला?

डिग्री मोजायची रीत न्यूयॉर्कच्या जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये रूढ केली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांवरून रेघा मारायच्या आणि त्यांच्यातला कोन मोजायचा. सोपी, स्वस्त, कुठेही जमणारी पद्धत. पण एक्स-रे सपाट असतो आणि मणका नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळलाही जातो. त्याच्याबरोबर बरगड्या फिरतात, एका बाजूला उंचवटा येतो, दुसरीकडे छातीतली जागा आक्रसते. मुलीला पुढे वाकवून पाठ बघायची ती तपासणी हा पीळच शोधते. ती लंडनच्या विल्यम अ‍ॅडम्स यांच्या नावाने ओळखली जाते, त्यांचं पुस्तक १८६५ चं. त्याआधी त्यांनी गिडियन मँटेल यांचा वाकलेला कणा अभ्यासला होता. हे मँटेल म्हणजे इग्वानोडॉन या डायनासोरचं पहिलं वर्णन करणारे डॉक्टर.

फुंकायच्या यंत्राचा उगम वेगळाच. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या घंटेचा स्पायरोमीटर मांडला. दोन हजारांहून जास्त माणसांना त्यात फुंकायला लावून त्यांनी दाखवलं की पूर्ण श्वास घेऊन बाहेर टाकता येणारी हवा उंचीच्या प्रमाणात वाढते. क्षयाचा सुगावा लवकर लागावा, विमा कंपन्यांना गिऱ्हाईक पारखता यावं, हे त्यांच्या डोक्यात होतं. आपल्याकडे पोलीस भरतीत अजून टेपने छाती मोजतात: ७९ सेंटिमीटर, फुगवून ५ जादा. तालमीच्या गावाला हे माप पाठ आहे. पण टेप घेर सांगते, आत किती हवा मावते ते सांगत नाही. १९४७ मध्ये फ्रान्सच्या टिफनो यांनी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते तेही बघायला सुरुवात केली. त्यामुळे दम्यासारखी नळ्यांची अडचण आणि छातीच जागा देत नाही ही अडचण वेगळी काढता आली. स्कोलिओसिसमध्ये बहुधा दुसरी सापडते.

दोन्ही धागे जुळवले पोलिओने. पोलिओत पुष्कळदा पाठीचे आणि श्वासाचे स्नायू एकदमच जात. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन १९५० च्या दशकात मणक्यात धातूचा दांडा बसवू लागले तेव्हा त्यांच्यापुढे बहुतेक अशीच मुलं होती. ती ऑपरेशन झेपवतील का, हे आधी कळणं भाग होतं.

मग १९६८ मध्ये स्वीडनहून दोन अभ्यास आले. उपचार न झालेले रुग्ण लवकर दगावतात, असा त्यांचा सूर होता आणि त्याची दहशत बरीच वर्षं टिकली. त्यात पोलिओचे, जन्मजात दोषाचे, लहानपणी बाक आलेले असे सगळे एकत्र धरले होते. १९९२ मध्ये स्वीडनमधूनच गट वेगळे करून पाहिलं गेलं, तेव्हा किशोरवयात सुरू झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण वाढलेलं आढळलं नाही. अमेरिकेतल्या आयोवाचा पन्नास वर्षांचा पाठपुरावा २००३ मध्ये छापून आला. त्यातही धाप लागण्याचा संबंध छातीच्या भागातल्या ८० डिग्रींवरच्या बाकाशी दिसला. माझ्या मते आईवडिलांना हा इतिहास आधी सांगायला हवा. निम्मी भीती त्या जुन्या आकड्यांचीच आहे.

तरी टेस्ट लागतेच, कारण डिग्रीवरून दम ओळखता येत नाही. दोन मुलींचा बाक सारखा असून फुफ्फुसांचा हिशोब वेगळा निघतो. किती मणके बाकात आले, पाठीची नैसर्गिक गोलाई सपाट झाली का, यावरही तो ठरतो.

खरी मेख इथे आहे. रिपोर्टमधली टक्केवारी उंचीवरून निघते, हचिन्सन यांच्यापासूनच, आणि बाकाने उंचीच चोरलेली असते. उदाहरणापुरतं धरा: मुलगी १४८ सेंटिमीटर, फुंकली २ लिटर. त्या उंचीला अपेक्षित २.५ लिटर, म्हणजे ८० टक्के, ठीकठाक. आता हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत माप घ्या. ते १५६ भरलं आणि त्याला अपेक्षित २.८ लिटर असेल, तर तीच मुलगी ७१ टक्क्यांवर येते. फुंकर तीच, रिपोर्ट बदलला. उंचीऐवजी हातांचा पसारा घेण्याची पद्धत १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. मारफान सिंड्रोम या जन्मजात विकारात मात्र हात मुळातच लांब असतात आणि त्या मुलांना बाकही येतो, तिथे हे माप फसवतं.

टेस्टच्या खोलीत नाकाला चिमटा लावतात, तोंडात नळी देतात. ‘फुंक, फुंक, अजून, अजून, सोडू नको!’ असा तंत्रज्ञाचा आरडाओरडा चालतो. चांगल्या जमलेल्या निदान तीन फुंकरी लागतात आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोन एकमेकींच्या जवळ यायला हव्यात. लाजरी मुलगी पहिल्या खेपेला अर्धीच फुंकते. हे न पाहता नुसता आकडा वाचला की नसलेला आजार कागदावर येतो.

उरला प्रश्न ‘अपेक्षित’ म्हणजे कुणाच्या मानाने. हा अपेक्षित आकडा काढायची जी समीकरणं २०१२ मध्ये जगभरासाठी आली त्यात भारतीय उपखंडाचा वेगळा गट नव्हता. यंत्रात कुठलं समीकरण भरलंय त्यावर टक्के हलतात. म्हणून सहा महिन्यांनी दुसऱ्या ठिकाणी टेस्ट केली तर टक्क्यांशी टक्के ताडून बघू नयेत. दोन्ही रिपोर्टवरचे लिटर बघावेत, वाढत्या वयात ते वाढायला हवेत हे लक्षात ठेवावं आणि उंची घेतली की हातांचा पसारा, हे तिथेच विचारून रिपोर्टवर लिहून घ्यावं.