वर्षभराची फौज : वॉशिंग्टन यांच्या लष्करी पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

इंग्लंडविरुद्धच्या अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात, ४ जानेवारी १७७६ रोजी, बॉस्टनजवळच्या केंब्रिजच्या छावणीतून काँग्रेसच्या, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी-सभेच्या, अध्यक्षांना धाडलेल्या पत्रात वसाहतींच्या फौजेचे सेनापती जनरल वॉशिंग्टन यांनी एका वाक्यात एका शब्दाची जागा कोरी सोडली होती. शत्रूच्या बंदुकीच्या टप्प्यात सहा महिने ठाण मांडून राहायचे, तेही अमुक एका वस्तूशिवाय, आणि त्याच काळात एक फौज मोडून दुसरी उभी करायची, असे उदाहरण इतिहासाच्या पानांत बहुधा सापडणार नाही, असा त्या वाक्याचा आशय आहे. कोऱ्या जागेतला शब्द होता बंदुकीची दारू. पत्र वाटेत इंग्रजांच्या हाती पडले तर छावणीचे गुपित फुटू नये, म्हणून तो लिहिलाच गेला नाही. त्याआधी ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कोठारात दारूची तीनशेहून अधिक पिंपे असल्याचा कागदोपत्री हिशेब मिळाला होता, परंतु प्रत्यक्ष पाहणीत ३६ पिंपे निघाली आणि शेजारच्या वसाहतींचा साठा एकत्र धरूनही शिपायामागे नऊहून जास्त बार भरत नव्हते. ही बातमी ऐकून सेनापती अर्धा तास एक शब्दही बोलले नाहीत, असे तेथे उपस्थित असलेल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे.

दारूची टंचाई मात्र पुढे वाटेत पकडलेल्या जहाजांनी आणि परदेशी मालाने हळूहळू निवारली. त्याच वाक्यातली दुसरी अडचण, म्हणजे एक फौज मोडून दुसरी उभारणे, ही कोणत्याही जहाजातून सुटणारी नव्हती, कारण ती फौजेच्या नेमणुकीच्या अटींतच होती. १७७५ च्या उन्हाळ्यात बॉस्टनभोवती जमलेल्या न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ईशान्येकडील वसाहतींच्या, शिपायांची मुदत वर्षअखेरीस संपत होती, आणि कनेक्टिकटच्या शिपायांची तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच. ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या समितीबरोबर बसून ठरलेल्या नव्या आराखड्यात २०,३७२ माणसे धरली होती. २८ नोव्हेंबरला सेनापतींनी आपल्या विश्वासातल्या माजी चिटणिसाला लिहिले तेव्हा नावे नोंदवली होती सुमारे साडेतीन हजारांनी. लोकांत सार्वजनिक निष्ठेचा इतका दुष्काळ आपण कधी पाहिला नव्हता आणि हे सारे आधी दिसले असते तर जगातल्या कोणत्याही कारणासाठी हे सेनापतिपद स्वीकारले नसते, असे त्याच पत्रात आहे. १ जानेवारी १७७६ ला ‘नवी फौज’ अस्तित्वात आल्याचा हुकूम निघाला तेव्हाही भरती आराखड्याच्या निम्म्याच्या आतच होती, आणि या नव्या फौजेची मुदतही एकच वर्षाची होती.

सगळा पुढचा वाद या एका वर्षाच्या निर्णयाचा आहे, म्हणून तो का झाला हे नीट पाहायला हवे. काँग्रेसला युद्धशास्त्र कळत नव्हते असे म्हणणे सोपे असले तरी पुरेसे नाही. एक तर जानेवारी १७७६ पर्यंत स्वातंत्र्याचा ठराव झालेला नव्हता, तडजोडीची आशा बाळगणारे बरेच सभासद होते, आणि तडजोड व्हायची असेल तर दीर्घ मुदतीची फौज कशासाठी, हा प्रश्न गैर नव्हता. दुसरे म्हणजे काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. कागदी नोटा छापून पगार भागत होता, आणि अनेक वर्षांचा बोजा अंगावर घेण्याची कोणाची तयारी नव्हती. तिसरे कारण सर्वांत खोल होते, ते म्हणजे खड्या फौजेची धास्ती.

‘खडी फौज’ हा मराठीत आपल्याला सरळ, कदाचित अभिमानाचाही शब्द वाटतो. शांततेच्या काळातही पगारावर तयार ठेवलेले सैन्य, एवढाच त्याचा आपल्याकडचा अर्थ. इंग्रजी राजकारणात मात्र त्याला सतराव्या शतकातील यादवी युद्धाचा आणि लष्करशाहीचा वास होता. संसदेच्या संमतीवाचून शांततेत खडी फौज ठेवणे बेकायदा आहे, हे १६८९ च्या हक्कांच्या जाहीरनाम्यात स्पष्टच लिहिले होते. बॉस्टनच्या लोकांनी ५ मार्च १७७० रोजी आपल्याच रस्त्यात सरकारी शिपायांच्या गोळ्या झेलल्या होत्या, आणि जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजावरच्या आरोपांत खड्या फौजेचा आरोप घातला गेला. अशा सभेपुढे ‘युद्ध संपेपर्यंतची फौज द्या’ असे म्हणणे म्हणजे, ज्याच्याविरुद्ध लढतो आहोत तेच घरात आणा, असे म्हणण्यासारखे ऐकू येत होते.

शिपायाची बाजूही विसरता कामा नये. न्यू इंग्लंडमध्ये फौजेत नाव घालणे हा करार मानला जाई. अमुक कप्तानाखाली, अमुक पगारावर, अमुक तारखेपर्यंत काम करायचे, आणि तारीख उलटली की बंधन संपले. डिसेंबरमध्ये गाठोडे बांधून निघालेला कनेक्टिकटचा शेतकरी स्वतःला पळपुटा समजत नव्हता. आपला शब्द आपण पाळला, असेच त्याला वाटत होते. सेनापतींची चीड समजण्यासारखी आहे, पण त्यांची पत्रे वाचताना हा शेतकरी नजरेआड होतो.

तरीही अनुभवाने सेनापतींचे म्हणणे खरे ठरवले, असेच माझे मत आहे. ९ फेब्रुवारी १७७६ च्या पत्रात त्यांनी क्वेबेकचा दाखला दिला. कॅनडातल्या त्या शहरावर चालून गेलेल्या अमेरिकी सेनानायकाला ३१ डिसेंबर १७७५ च्या हिमवादळात हल्ला करावा लागला, कारण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या शिपायांची मुदत संपत होती, आणि त्या हल्ल्यात तो स्वतः मारला गेला. शत्रूची तयारी, हवामान, तोफा यांपैकी कशानेही ठरली नव्हती, ती लढाईची तारीख भरतीच्या कागदाने ठरवली. याहून स्पष्ट पुरावा कोणी द्यावा?

आता ‘मिलिशिया’ या शब्दाचा गुंता. पुष्कळ लेखांत असे वाचायला मिळते की वॉशिंग्टन यांनी मिलिशियाऐवजी नियमित सैन्य मागितले. त्या काळच्या छावणीत प्रत्यक्षात निदान तीन प्रकारचे लोक होते. पहिला प्रकार खऱ्या मिलिशियाचा, म्हणजे प्रत्येक वसाहतीच्या कायद्याने गावोगावी नोंदलेले, संकट आले की काही आठवड्यांसाठी बोलावले जाणारे पुरुष. दुसरा प्रकार काही महिन्यांच्या ठरावीक कामासाठी उभ्या केलेल्या तुकड्यांचा. उदाहरणार्थ, पेनसिल्व्हेनिया, मेरिलंड आणि डेलावेअरकडून १७७६ मध्ये मागितलेली दहा हजारांची फिरती छावणी, जिची मुदत १ डिसेंबरला संपत होती. तिसरा प्रकार काँग्रेसच्या पगारावरच्या एक वर्षाच्या शिपायांचा. हे तिसरे लोक मिलिशिया नव्हतेच. सेनापतींच्या तक्रारी दोन होत्या. मिलिशियाबद्दलची तक्रार शिस्तीची होती, आणि एक वर्षाच्या शिपायांबद्दलची मुदतीची. २० डिसेंबर १७७६ च्या पत्रात ‘अल्प मुदतीच्या भरत्या’ आणि ‘मिलिशियावरचा चुकीचा भरवसा’ ही आपल्या सर्व दुर्दैवांची मुळे म्हणून ते शेजारी शेजारी ठेवतात, आणि मग वाचणाऱ्यांनी दोन्हींचे एक करून टाकले.

सर्वांत अधिक उद्धृत होणारे पत्र सप्टेंबर १७७६ च्या अखेरच्या आठवड्यातले, हार्लेमच्या टेकड्यांवरचे. लाँग आयलंडची लढाई हरली होती, न्यू यॉर्क शहर हातचे गेले होते, आणि मिलिशियाच्या कुठे अख्ख्या, कुठे अर्ध्या पलटणी घरी निघून जात होत्या. झोपेच्या वेळातले काही क्षण उसने घेऊन आपण हे लिहीत आहोत, अशी त्या पत्राची सुरुवात आहे. मिलिशियावर विसंबणे म्हणजे मोडक्या काठीवर भार टाकणे, हे वाक्य याच पत्रातले. त्यापुढची ओळ मला अधिक महत्त्वाची वाटते. खड्या फौजेपासून होणारे अपाय दूरचे आहेत, आणि ती नसण्याचा परिणाम मात्र निश्चित नाश आहे, असे ते सांगतात. या पत्राने काँग्रेसचे मन वळवले असे सर्रास लिहिले जाते, पण ८८ पलटणी उभारण्याचा ठराव १६ सप्टेंबरलाच मंजूर झाला होता. युद्ध संपेपर्यंत राहणाऱ्या शिपायाला २० डॉलर रोख आणि १०० एकर जमीन, असे त्यात कबूल केले होते. तो घडवला तो आधीच्या वर्षभराच्या पत्रांनी आणि लाँग आयलंडच्या पराभवाने. नोव्हेंबरमध्ये जमिनीवाचून तीन वर्षांच्या भरतीची मुभा मिळाली, आणि डिसेंबरअखेरीस सेनापतींना सहा महिन्यांपुरते आणखी १६ पलटणी स्वतः उभारण्याचे अधिकार दिले गेले. कागदावरच्या पलटणी पुढे कधीच पूर्ण भरल्या नाहीत.

युद्धानंतरचा भाग अमेरिकेतल्या मिलिशियाबद्दलच्या आजच्या वादांच्या दृष्टीने अधिक जवळचा आहे. काँग्रेसच्या एका समितीने विचारल्यावरून मे १७८३ मध्ये सेनापतींनी शांतताकालीन लष्कराचा आराखडा धाडला. त्यात २,६३१ माणसांची नियमित फौज, शस्त्रागारे, लष्करी शिक्षणाच्या शाळा आणि सर्व राज्यांत एकसारखी बांधलेली मिलिशिया मागितली होती. मोडक्या काठीची उपमा देणारा माणूसच मिलिशिया मागतो, यात काहींना विसंगती दिसते. ती तशी नाही. त्यांना हवी होती एकाच कवायतीची, तरुणांच्या निवडक तुकड्या वेगळ्या काढलेली मिलिशिया, आणि १७७६ मध्ये नेमके तेच नव्हते. जून १७८४ मध्ये काँग्रेसने उरलेली फौजही मोडली आणि कोठारांच्या राखणीला ८० माणसे ठेवली, २५ फोर्ट पिटला आणि ५५ वेस्ट पॉइंटला. दुसऱ्याच दिवशी चार राज्यांच्या मिलिशियांतून ७०० माणसे मागवावी लागली, आणि त्यांची मुदत पुन्हा एकाच वर्षाची ठेवली गेली.

नोव्हेंबर १७९१ मध्ये वाबाश नदीकाठी मूळ रहिवाशांच्या संयुक्त सैन्याने अमेरिकी फौजेचा धुव्वा उडवला, सहाशेहून अधिक शिपाई मारले गेले, आणि तेव्हा कुठे नियमित सैन्य वाढवण्याला बहुमत मिळाले. त्याच सुमारास, मे १७९२ मध्ये, मिलिशियाचा देशव्यापी कायदा झाला. १८ ते ४५ वयाच्या गोऱ्या पुरुषाने स्वतःच्या खर्चाने बंदूक, संगीन, दोन जादा चकमकीचे दगड आणि किमान २४ काडतुसे बाळगावीत, असे त्यात होते. निवडक तुकड्या नव्हत्या, केंद्राचा पैसा नव्हता, आणि कायदा न पाळल्यास केंद्राकडून दंडही नव्हता. हा कायदा १९०३ पर्यंत टिकला. त्या वर्षी राज्यांच्या सज्ज तुकड्यांना नॅशनल गार्ड म्हणून केंद्राची शस्त्रे आणि पैसा मिळू लागला, आणि बाकीच्या सर्व धडधाकट पुरुषांना ‘राखीव मिलिशिया’ असे नाव उरले, जे १९१६ च्या कायद्यात ‘असंघटित मिलिशिया’ असे झाले. १७ ते ४५ वयाच्या पुरुषांसाठी ते नाव आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात कायम आहे.