मंदीतली नोकरकपात आणि कामगाराचे हक्क (बेळगाव सीमाभाग)

कामगाराची काही चूक नसताना, ऑर्डर नाहीत, काम कमी झालंय असं कारण देऊन त्याला कामावरून काढणं म्हणजे नोकरकपात. बेळगावात सरळ "कमी केलं" म्हणतात, "ह्या महिन्यात आठ जणांना कमी केलं बघा" असं. शिक्षा म्हणून काढणं, रिटायरमेंट आणि कामगाराने स्वतः दिलेला राजीनामा ह्यात येत नाहीत, आणि सगळी गोम त्या राजीनाम्यातच आहे.

उद्यमबाग, मच्छे, होनगा ह्या पट्ट्यातल्या फौंड्र्या आणि मशीन शॉप गाड्यांच्या कंपन्यांना पार्ट पुरवतात, त्यामुळे गाड्यांचा खप बसला की झळ थेट इथल्या मोल्डिंग-फेटलिंगवाल्यांना (साचे बनवणारे आणि ओतीव पार्ट घासून साफ करणारे) लागते, 2008-09 ला तेच झालं आणि 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर फाटकच बंद. कामगारांत बेळगाव, खानापूर तालुक्यातली मराठी पोरं भरपूर, चंदगडहून रोज सीमा ओलांडून येणारेही आहेत.

कायदा आधी 1947 चा औद्योगिक विवाद कायदा होता, आता 21 नोव्हेंबर 2025 पासून 2020 ची औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, पण मूळ हक्क तेच राहिलेत. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची नाहीतर महिन्याचा पगार हातात द्यायचा, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा, आणि वरचे महिने सहापेक्षा जास्त असले तर तेही वर्षच धरायचं. सलग वर्ष म्हणजे आधीच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम. म्हणूनच काही ठिकाणी 240 भरायच्या आत "ब्रेक" देतात, म्हणजे मध्येच काही दिवस कामावरून काढतात, तेव्हा आपली हजेरी आपल्या वहीत लिहून ठेवावी.

ह्या नोटीस-भरपाईला कामगारांच्या आकड्याची अट नाही, वीस माणसांच्या शेडलाही ती लागू आहे, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आकड्याची अट सरकारी परवानगीला आहे, कारखान्यात पूर्वी शंभर कामगार असले की परवानगी लागायची, आता तीनशे. नवीन संहितेत पंधरा दिवसांच्या पगाराएवढी रक्कम मालकाने वेगळ्या फंडात भरायची असंही आहे, ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यावर यायला पाहिजे.

कोणाला आधी कमी करायचं तेही ठरलेलं आहे, त्या कामातला जो शेवटी लागला तो आधी जाणार, तसं करायचं नसेल तर मालकाने कारण लिहून ठेवायचं. आणि पुढे वर्षभरात परत माणसं घ्यायची वेळ आली तर कमी केलेल्यांना आधी विचारायचं (जुन्या कायद्यात ही वर्षाची मर्यादा नव्हती).

मंदीत नेहमी ऐकू येतं, "कंपनीच बुडालीय, देऊ कुठनं?" कारखाना कायमचा बंद केला तरी भरपाई द्यावीच लागते. मालकाच्या हाताबाहेरच्या कारणाने बंद झाला तरच ती तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर थांबते, आणि नुसता तोटा किंवा न विकलेला माल पडून असणं हे हाताबाहेरचं कारण धरू नये असं कायद्यातच लिहिलंय. काही दिवस काम नाही म्हणून घरी बसवलं, म्हणजे ले-ऑफ, तर पन्नास किंवा जास्त कामगारांच्या ठिकाणी बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) ह्यांचा अर्धा भाग मिळतो. सीझनवर चालणाऱ्या कारखान्यांना हे लागू नाही.

आता राजीनाम्याचं. आमच्या गल्लीतल्या एका काकांना बारा वर्षं एकाच फौंड्रीत झाली होती, मंदीत त्यांना ऑफिसात बोलावलं, कागद कन्नडात टाईप केलेला, "सही करा, पीएफ लवकर सुटतो" म्हणाले, काकांनी मराठीत सही केली आणि घरी आल्यावर मुलीने वाचून दाखवलं की त्यांनी स्वखुशीने काम सोडलंय. एका सहीत नोटीस गेली, बारा वर्षांची भरपाई गेली. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नका हो, घरी नेऊन वाचून घेतो म्हणा. जबरदस्तीने घेतलेला राजीनामा कोर्टात आव्हान देता येतो, पण जबरदस्ती सिद्ध करता करता वर्षं जातात.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम, मात्र राजीनामा दिला तरी मिळते. पाच वर्षं झाली की बेसिक-डीए गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले वर्षं. तेरा हजारावर वर्षाचे साडेसात हजार, म्हणजे बारा वर्षांचे नव्वद हजार, हे कपातीच्या भरपाईशिवाय वेगळे. ठेकेदाराकडच्या कामगाराचा पगार ठेकेदाराने बुडवला तर मूळ कंपनीला द्यावा लागतो.

तक्रार कारखाना जिथे आहे तिथल्या लेबर ऑफिसात, म्हणजे चंदगडचा माणूस असला तरी बेळगावातच, कोल्हापूरला जाऊन उपयोग नाही. कन्नड येत नाही म्हणून थांबू नका, घटनेच्या कलम 350 प्रमाणे राज्यात किंवा केंद्रात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं देता येतं, मराठीतला अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे तडजोड झाली नाही तर अर्ज दिल्यापासून 45 दिवसांनी कामगार स्वतः ट्रिब्युनलकडे (कामगारांच्या वादांचं कोर्ट) जाऊ शकतो, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. सोबत पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन नंबर, ईएसआय (कामगार विमा) कार्ड आणि ती हजेरीची वही न्यायची.