एमसीए : हिशेब जाणणाऱ्या संगणकतज्ज्ञाची पदवी

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमसीए (मास्टर ऑफ कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स) ही पदव्युत्तर पदवी विज्ञान शाखेत मिळते, तशीच ती व्यवस्थापन शाखेतही मिळते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक या विभागणीने गोंधळतात, आणि संगणकाच्या पदवीचा व्यवस्थापनाशी काय संबंध, असा प्रश्न दरवर्षी विचारला जातो. हा संबंध मात्र पदवीच्या जन्मापासूनचा आहे, आणि त्याची मुळे भारताबाहेर, व्यापारी कामासाठी वापरलेल्या पहिल्या संगणकापर्यंत जातात.

चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या लायन्स या ब्रिटिश कंपनीने लिओ नावाचा संगणक स्वतःच बांधला आणि नोव्हेंबर १९५१ पासून बेकरीतील मालाच्या मूल्यांकनाचे काम त्याच्यावर नियमितपणे सुरू केले. या कामात यंत्राइतकेच महत्त्व होते ते डेव्हिड कॅमिनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पूर्वतयारीला. कोणता कागद कोणाकडून येतो, त्यावरची बेरीज कोण तपासतो आणि चूक कुठे पकडली जाते, याचा अभ्यास त्यांनी केला. सिस्टम ॲनालिस्ट हा पेशा या कामातून आकाराला आला. त्यासाठी लागणारे शिक्षण मात्र त्या काळी कोणत्याही विद्यापीठात मिळत नव्हते.

अमेरिकेत परड्यू विद्यापीठाने १९६२ मध्ये संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू केला. या नव्या शास्त्राचा कल साहजिकच गणिताकडे होता, आणि एसीएम या संगणक व्यावसायिकांच्या संघटनेने १९६८ मध्ये सुचवलेल्या अभ्यासक्रमातही तोच कल दिसतो. पगारपत्रक, साठा आणि वसुली यांची व्यवस्था आखणारा माणूस त्यातून घडण्यासारखा नव्हता. ही उणीव व्यवस्थापन शिक्षणाच्या बाजूने भरून काढण्याचा प्रयत्न मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस केला. पाठोपाठ १९७२ मध्ये एसीएमच्याच समितीने माहिती प्रणालींसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुचवला. संस्थेला कोणती माहिती हवी हे ठरवणारा आणि ती पुरवणारी यंत्रणा रचणारा, अशा दोन भूमिका त्याने वेगळ्या केल्या आणि दोघांनाही संघटना व माणसे यांचा अभ्यास आवश्यक मानला. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातला हा सर्वांत विचारपूर्वक लिहिलेला दस्तऐवज आहे.

भारतातील निकड वेगळ्या कारणाने उभी राहिली. परकीय भांडवलावरील निर्बंधांच्या वादातून आयबीएम १९७८ मध्ये देशातून बाहेर पडली, तिच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली, आणि त्याच सुमारास देशी कंपन्यांना लहान संगणक बनवण्याची मुभा मिळाली. यंत्रे कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पोहोचू लागली, पण तिथले काम समजून घेऊन ते यंत्रावर उतरवणारी माणसे फारच थोडी होती. प्राध्यापक व्ही. राजारामन यांच्या अध्यक्षतेखालील मनुष्यबळविषयक समितीने यावर एमसीए हा मार्ग सुचवला. अभियांत्रिकीची अट न घालता साध्या पदवीधरांना तीन वर्षांत तयार करावे, संगणकाबरोबर हिशेबशास्त्र व व्यवस्थापनही शिकवावे आणि अखेरचे सहा महिने प्रत्यक्ष उद्योगात घालवायला लावावेत, अशी ही रचना होती. १९८०च्या दशकाच्या आरंभी विद्यापीठांनी ती स्वीकारली. गावातल्या महाविद्यालयातून बीएस्सी होऊन आलेल्या मुलामुलींसाठी या निर्णयाने जे दार उघडले, त्याचे मोल फार मोठे आहे.

मुंबईत मुख्यालये असलेल्या बँकांचे काम याच दशकात यंत्राकडे वळत होते. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या रंगराजन समितीने १९८४ मध्ये त्याची दिशा आखून दिली. पुण्यात सिम्बायोसिसने १९८५ मध्ये संगणक अभ्यासाची स्वतंत्र संस्था काढली. पुणे विद्यापीठाच्या व्यवस्थापन शाखेत एमसीएखेरीज एमसीएम, म्हणजे संगणक व्यवस्थापनाची पदवीही अनेक वर्षे चालली. नावातच दोन्ही विषय असलेली ही पदवी आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

१९९०च्या दशकात चित्र पालटले. सॉफ्टवेअरची निर्यात वाढली, जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच अंकांत लिहिल्याने उद्भवलेल्या सन २००० च्या तारखेच्या प्रश्नामुळे परदेशी कंपन्यांना मोठ्या संख्येने प्रोग्रामर हवे झाले, आणि ज्या संस्थेचे काम समजून घ्यायचे ती संस्थाच हजारो मैल दूर गेली. विश्लेषण तिकडे आणि प्रोग्रामलेखन इकडे अशी वाटणी झाल्यावर हिशेबशास्त्राचा तास विद्यार्थ्यांना निरुपयोगी वाटू लागला, आणि त्यांना दोष देता येत नाही. पुढे बीसीए आणि बीएस्सी संगणकशास्त्र या पदव्या सर्वत्र झाल्या, त्यामुळे प्राथमिक विषय पुन्हा शिकवण्याची गरज उरली नाही. २०२०-२१ पासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एमसीएचा कालावधी तीनवरून दोन वर्षांवर आणला.

कालावधी घटवण्याचे कारण योग्य होते. मात्र त्यासाठी कापलेला वेळ प्रोग्रामिंगचा असायला हवा होता, व्यवसायाच्या अभ्यासाचा नव्हे. सहकारी साखर कारखान्याच्या ऊसबिलाचे काम प्रकल्पासाठी घेणाऱ्या विद्यार्थ्याला वजनकाट्याची पावती, तोडणी-वाहतुकीचा खर्च आणि विकास सोसायटीच्या कर्जाची वसुली यांचा परस्परसंबंध आधी उमगावा लागतो. प्रोग्राम त्यानंतर लिहिता येतो. तो संबंध समजण्यासाठी लागणारे हिशेबशास्त्र बीसीए करून आलेल्या विद्यार्थ्याला थोडेफार भेटलेले असते. बीएस्सी करून आलेल्याला ते एमसीएच्या वर्गातच पहिल्यांदा भेटते.