मातीचे बैल आणि पत्र्यावरचा पाऊस

पोळा आठवड्यावर आला होता आणि चाळीसगाव पाण्यात होतं. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरात झालेला पाऊस तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांनी गावात आणून ओतला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, आसपासच्या गावांतली शेकडो गुरं वाहून गेली. माझ्या मावसबहिणीचं वासरूही त्यातच गेलं.

पोळ्याला गेलो तेव्हा तिचा सहा वर्षांचा मुलगा ओट्यावर मातीचे बैल करत बसला होता. चार बैल झाले की तांब्याभर पाणी त्यांच्यावर ओतायचा. बैल विरघळले की पुन्हा चिखल मळायला घ्यायचा. तिसऱ्या खेपेला आजीनं हात धरला, "अभद्र खेळ नको रे करू."

खेळ अभद्र नव्हता. जे सांगायला शब्द पुरत नाहीत, ते मूल खेळून दाखवतं. १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेच्या बसमधली २६ मुलं पळवून जमिनीखाली कोंडली होती. सगळी जिवंत सुटली. मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर त्यांना पुढे अनेक वर्षं भेटत राहिल्या, तेव्हा मुलं पळवापळवीचेच खेळ खेळताना दिसली. असा खेळ रोज त्याच वळणावर अडकत असेल, तर तो बंद पाडायचा नाही. शेजारी बसायचं आणि सहज विचारायचं, "यांना बाहेर काढायला कोण येणार रे?" मी विचारलं. त्यानं जरा विचार करून जेसीबी आणला.

वासराचं मात्र घरात "झोपलं", "मामाकडे गेलं" असं काहीबाही चाललं होतं. लहान मूल हे शब्दशः घेतं, मग झोपायलाच घाबरतं किंवा वाट बघत बसतं. मेलं म्हणजे मेलं, ते परत येणार नाही, हे मांडीवर घेऊन सांगितलेलं बरं. पुराचे व्हिडिओही त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा नकोत; अगदी लहानग्यांना दर वेळी नवाच पूर आला असं वाटू शकतं. आणि "काय काय झालं ते सांग" म्हणून खोदून विचारणं तर नकोच. पाहुण्यांना ही फार खोड असते.

रात्री पत्रा वाजला की तो दचकून उठायचा, "माय, पानी उनं का?" अंथरूणही ओलं व्हायचं. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला असतो. त्यानं पत्र्याचा आवाज आणि पाणी यांची गाठ मारून ठेवलेली असते. त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. तोवर हे काम मांडीवर घेणाऱ्या माणसानं करायचं. म्हणून "घाबरायचं काय त्यात?" याचा उपयोग होत नाही, रागावण्याचा तर नाहीच.

ती गाठ सहसा पुसली जात नाही. आवाज आला आणि काही वाईट घडलं नाही, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला की जुन्या शिकण्यावर नवं शिकणं चढतं. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हनं ठरावीक खुणेला लाळ गाळायला शिकवलेल्या कुत्र्यांमध्येही विझलेली सवय काही काळानं आपोआप परत दिसायची. त्यामुळे पुढच्या वळवाच्या सरीला भीती परतली, तर घाबरायचं कारण नाही. बहुतेक मुलं जेवणाझोपेची वेळ आणि घरची माणसं जागेवर आली की काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही झोप, जेवण, बोलणं बिघडलेलंच राहिलं तर डॉक्टर गाठावा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर फुकट मिळते.

बहिणीनं यातलं काही वाचलेलं नाही. पाऊस सुरू झाला की ती त्याला कडेवर घेऊन टॉर्च लावून दारात जायची आणि गटारीचं पाणी दाखवायची, "बघ, कुठवर आहे?" पहिल्या रात्री त्यानं मान वर केली नाही. चौथ्या की पाचव्या पावसात टॉर्च स्वतःच्या हातात मागितली.