‘अंतिम 53’ म्हणजे नक्की कोणत्या दिवसाचे 53?

ऑगस्ट संपत आलेला असतो. मंगळवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारचे चार वाजतात, पुण्यात रात्रीचे दीड. त्या मिनिटापर्यंत एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, प्रत्येक संघाला 90 जणांचा ताफा 53 वर आणावा लागतो. सगळे संघ पूर्ण भरलेले असतील तर 32 संघांचे मिळून 1,184 खेळाडू यादीबाहेर जातात.

ती 53 नावं आधीच सांगण्याचा खटाटोप मात्र हंगामपूर्व सरावाच्या कॅम्पच्याही आधी सुरू झालेला असतो. गेली काही वर्षं मीही जुलैत कागदावर रकाने आखून बसतो आणि दरवर्षी एकाच ठिकाणी अडतो. भाकीत पडताळायचं कोणत्या यादीशी? मंगळवारच्या, बुधवारच्या की पहिल्या सामन्याच्या? प्रश्न किरकोळ वाटेल, पण गेल्या दहा-बारा वर्षांतले नियम बघितले की सगळा गुंता इथेच सापडतो.

जुना इतिहास थोडक्यात. लीग 1920 ची. 1925 मध्ये संघाची मर्यादा होती 16 जणांची. तेव्हा तेच गडी चढाईलाही उभे राहत आणि बचावालाही, त्यामुळे 16 जणांत भागत असे. 1940 पर्यंत हा आकडा 33 वर चढला होता, 1943 मध्ये महायुद्धामुळे माणसांची टंचाई झाली तेव्हा 28 वर उतरला. 1950 मध्ये मुक्त बदलीचा नियम कायमचा झाला, दोन्ही बाजूंची माणसं वेगळी झाली आणि संघ फुगत गेले. 1964 मध्ये 40, 1978 मध्ये 45, आणि 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला आजचे 53.

याच काळात ड्राफ्ट, म्हणजे कॉलेजातल्या खेळाडूंची दरवर्षी होणारी निवड, मात्र आक्रसत गेला. 1976 पर्यंत 17 फेऱ्या होत्या, 1977 पासून 12 झाल्या, 1994 पासून 7. यादी मोठी आणि ड्राफ्ट छोटा, म्हणजे कोणीच न निवडलेल्या पोरांना जागा वाढली. पूर्वी असा पोरगा कॅम्पमध्ये आला तर सतरा फेऱ्यांच्या चाळणीतून तो खाली पडलेला असे. आज सातव्या फेरीनंतरही हाताला लागण्यासारखे बरेच जण शिल्लक असतात. म्हणून कोणत्याही संघाचं भाकीत करताना शेवटच्या चार-पाच जागांत असा एखादा पोरगा धरावाच लागतो, आणि तो नेमका कोणता, यावरच भाकीत तरतं किंवा बुडतं.

छाटणीच्या दिवशी चुका संघांच्याही होतात, हे 1955 पासून सगळ्यांना पाठ आहे. पिट्सबर्गने त्या वर्षी नवव्या फेरीत घेतलेला क्वार्टरबॅक (चढाईची सूत्रं हलवणारा, पास टाकणारा खेळाडू) जॉनी युनायटस सराव सामन्यात एकदाही न खेळवता काढून टाकला. तो गावातल्या अर्धव्यावसायिक संघातून सामन्याला सहा डॉलरवर खेळला, पुढच्या वर्षी बाल्टिमोरला गेला आणि 1958 व 1959 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्याने मिळवून दिली. उलट उदाहरण 2000 सालचं. न्यू इंग्लंडने त्या वर्षी चक्क चार क्वार्टरबॅक ठेवले. चौथा होता ड्राफ्टमध्ये 199 वा आलेला मुलगा, टॉम ब्रेडी. अख्ख्या हंगामात त्याने तीन पास टाकले, त्यांतला एक पोहोचला. क्वार्टरबॅकच्या रकान्यात आपण सगळे डोळे मिटून दोन किंवा तीन लिहितो. त्या वर्षी चार लिहिण्याचं धाडस कोणी केलं असतं? पुढच्याच हंगामात पहिला क्वार्टरबॅक जखमी झाला, हा उभा राहिला आणि संघाने पहिली सुपर बोल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची लढत, जिंकली. काठावरची जागा किती मोलाची असते ते यावरून कळावं.

1994 मध्ये पगाराची कमाल मर्यादा आली आणि भाकिताचा स्वभावच बदलला. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती, 2025 मध्ये 27 कोटी 92 लाख. त्याआधी प्रशिक्षकाची पसंती कळली की पुरेसं होतं. आता खेळाडू काढला तर किती पैसे वाचतात आणि काढूनही किती खात्यावर राहतात, हे पाहावं लागतं. दुसरी अट त्याहून नाजूक. चार हंगाम पूर्ण केलेला खेळाडू पहिल्या आठवड्याच्या सामन्याला यादीत असेल तर त्या वर्षीचा त्याचा पगार पक्का धरला जातो. म्हणून काही मुरलेले खेळाडू आठवडाभर बाहेर बसवले जातात आणि दुसऱ्या आठवड्यात परत घेतले जातात. यादीत त्यांचं नाव नसतं, पण ते कुठे गेलेलेही नसतात.

बाकी हिशेब तसा ठरलेला. चढाईला 25, बचावाला 25, आणि चेंडू लाथेने उडवण्याच्या खेळीसाठी किकर, पंटर आणि लाँग स्नॅपर असे तीन. यांतली चाळीसेक नावं कोणीही सांगेल. उरलेल्या बारा-तेरा जागांसाठी मैदानाच्या कडेला उभं राहून बघावं लागतं, आणि तिथे बघायचं असतं पंटच्या वेळी, म्हणजे चेंडू लाथेने उडवून समोरच्या संघाला दिला जातो तेव्हा. पंट उडाल्यावर दोन्ही टोकांनी सुसाट पळणारे दोन गनर कोण आहेत? पहिल्या फळीसोबत कोण पळतोय? पाचवा रिसीव्हर आणि सहावा रिसीव्हर यांच्यातला निकाल झेललेल्या चेंडूंवर क्वचितच लागतो, तो बहुधा या पळापळीवर लागतो. यात अडचण अशी की कॅम्पमध्ये एकच क्रमांक दोघांच्या पाठीवर असू शकतो, एक चढाईतला, एक बचावातला. शिकागोने 14 क्रमांक कायमचे निवृत्त केले आहेत. 0 ते 99 मधून 14 वजा केले तर 86 उरतात, आणि मैदानात माणसं 90. एखादा 37 नंबर झकास टॅकल करतो आणि तो कोणता 37 होता हे शोधण्यात दहा मिनिटं जातात. पण काठावरच्या खेळाडूचं सगळं दैव त्या एका टॅकलमध्ये असतं, तेव्हा ही दहा मिनिटं घालवायलाच हवीत.

आता मूळ गुंता. ‘अंतिम 53’ या शब्दांत ‘अंतिम’ हा शब्दच फसवा आहे.

जखमींच्या राखीव यादीत, म्हणजे आयआरवर गेलेला खेळाडू एकेकाळी त्या हंगामापुरता संपलाच असे. 2012 मध्ये संघाला एक खेळाडू परत आणण्याची मुभा मिळाली, 2017 मध्ये दोन झाले, साथीच्या 2020 मध्ये बंधनच उठलं आणि 2022 पासून आठची मर्यादा आली. परत येण्याआधी किमान चार सामने बाहेर बसायचं. इथवर ठीक. पण त्याला एक अट चिकटलेली होती. हा खेळाडू छाटणीच्या मंगळवारी 53 मध्ये असलाच पाहिजे. त्याआधी आयआरवर टाकला तर वर्षभरासाठी गेला.

याचा परिणाम काय झाला ते नीट समजून घ्यायला हवं. समजा एखाद्या बचावपटूचा पाय दुखावलाय आणि तो ऑक्टोबरात बरा होणार आहे. त्याला वाचवायचं तर मंगळवारी 53 मधली एक जागा त्याला द्यावी लागे. त्यासाठी धडधाकट असलेला दुसरा कोणीतरी काढावा लागे. कमी अनुभवाचा पोरगा काढला तर तो वेव्हरवर जातो, बाकीच्या 31 संघांपैकी कोणीही उचलू शकतो. चार हंगाम झालेला खेळाडू मात्र या काळात वेव्हरवर जात नाही, थेट मोकळा होतो. म्हणून संघ मुरलेल्या खेळाडूला बोलावून शब्द देत: आज तुला सोडतो, उद्या जखमी माणूस आयआरवर गेला की तुझी जागा तुझीच. कागदावर काही नाही. त्या खेळाडूने एक रात्र शब्दावर काढायची. दुसऱ्या संघाने जास्त पैसे देऊ केले तर त्याने जायचं की थांबायचं, हे त्याचं त्याने ठरवायचं.

भाकीत करणाऱ्याचे इथे दोन्हीकडून हाल. ज्याने आतली व्यवस्था ओळखून ‘हा माणूस मंगळवारी सुटेल आणि बुधवारी परतेल’ असं लिहिलं, त्याचं भाकीत बरोबर. ज्याने सरळ मनाने त्याला संघात धरलं, त्याचंही पहिल्या सामन्यापुरतं बरोबर. पण पडताळणी मंगळवारच्या यादीशी केली की दुसऱ्याच्या नावावर दोन चुका लागतात: एक माणूस धरला म्हणून आणि एक जखमी सोडला म्हणून. ‘53 पैकी 49 बरोबर’ अशी फुशारकी वाचताना मी पहिल्यांदा हेच बघतो की मोजणी कोणत्या दिवसाची आहे. बहुतेक ठिकाणी ते लिहिलेलंच नसतं.

2024 मध्ये नियम बदलला. छाटणीच्या दिवशीच दोन खेळाडूंना ‘परत येणार’ असा शिक्का मारून थेट आयआरवर ठेवता येतं, 53 मध्ये जागा न अडवता. ते दोघे आठांच्या हिशेबात लगेच धरले जातात, पुढे परत आले किंवा नाही आले तरी. या निर्णयावर मतं दोन आहेत. एक म्हणतं, लबाडी संपली आणि यादी खरी झाली. दुसरं म्हणतं, दोनच का? तिसरा जखमी असेल तर तोच जुना खेळ चालू. मला दुसरं म्हणणं पटतं. आठ जण परत आणायची मुभा आहे तर पहिल्या दिवशी दोघांचाच शिक्का कशासाठी? त्यातून वर्षाचं कोष्टक सुटसुटीत होतं ते संघांसाठी, शब्दावर रात्र काढणाऱ्या माणसाला तिसऱ्या जखमीच्या वेळी कोणताच आधार मिळत नाही. तरीही मंगळवारची यादी पहिल्या सामन्याच्या यादीच्या पुष्कळ जवळ आली, हे कबूल करायला हवं. 2024 च्या आधीची भाकितं आणि नंतरची भाकितं एका तराजूत तोलू नयेत, ती याचसाठी.

दुसरा घोळ सराव पथकाचा, म्हणजे 53 बाहेरच्या पण संघासोबत सराव करणाऱ्या खेळाडूंचा. त्याचं जुनं नाव टॅक्सी स्क्वॉड, आणि ते अगदी शब्दशः आलेलं आहे. 1940 च्या दशकात क्लीव्हलँड संघाच्या मालकाची टॅक्सी कंपनी होती. यादीत न बसणारे पण हातचे जाऊ द्यायचे नाहीत असे खेळाडू त्याने टॅक्सी कंपनीच्या पगारपत्रकावर ठेवले. आजचं अधिकृत पथक 2004 मध्ये आठ जणांचं झालं, 2014 मध्ये दहा, 2020 मध्ये साथीमुळे सोळा, आणि ते सोळा तसेच राहिले. पूर्वी ते नवख्यांसाठी असे, आता मुरलेलेही त्यात बसतात. दर सामन्याला दोघांना वर आणता येतं. त्यामुळे 53 चे खरं तर 55 होतात, आणि मैदानावर कपडे घालून उतरणारे 48, तेही त्यांत चढाईच्या लाइनमधले आठ असतील तरच. ही आठची अट आली तेव्हापासून नववा लाइनमन भाकितातून काढायला माझा हात धजावत नाही.

भाकिताला लागणारा पुरावा मात्र दरवर्षी कमी होतोय. पूर्वी छाटणी दोन टप्प्यांत होई, 90 वरून 75, मग 53. त्या 75 च्या यादीतून संघाचं मन कळत असे. 2017 मध्ये मधला टप्पा गेला. 2020 मध्ये सराव सामनेच झाले नाहीत. त्या वर्षी लिहिलेली यादी म्हणजे निव्वळ पगाराचे आकडे आणि ड्राफ्टचा क्रम. 2021 मध्ये 17 सामन्यांचा हंगाम आला आणि सराव सामने चारावरून तीन झाले. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी 85 व 80 असे दोन नवे टप्पे घातले होते, 2023 मध्ये तेही काढले. सरावात दोन संघ एकत्र भिडतात तिथेच आता मुख्य खेळाडूंची परीक्षा होते, आणि ते सगळं टीव्हीवर दिसत नाही.

क्वार्टरबॅकच्या रकान्यातही अलीकडे हालचाल झाली. 2011 मध्ये सामन्याच्या दिवसासाठीची तिसऱ्या क्वार्टरबॅकची सवलत गेली होती. जानेवारी 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे दोन्ही क्वार्टरबॅक कॉन्फरन्सच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात जखमी झाले आणि त्याच वर्षी आपत्कालीन तिसरा परत आला. हा तिसरा 48 च्या बाहेरचा, त्यामुळे दोन लिहायचे की तीन हा जुना प्रश्न पुन्हा उघडा पडला.

पुढचा वाद 18 सामन्यांच्या हंगामाचा आहे. लीगच्या बाजूने त्याची उघड चर्चा आहे, आणि त्यात सराव सामने तीनाचे दोन करण्याची भाषा आहे. खेळाडूंशी झालेला सध्याचा करार 2030 च्या हंगामापर्यंत चालतो, त्यामुळे असा बदल खेळाडूंच्या संमतीशिवाय होणार नाही. बोलणी पगारावर आणि दुखापतींवर होतील. सातव्या फेरीनंतर घरी फोन येऊन कॅम्पला पोहोचलेल्या नव्वदाव्या माणसाला मात्र पंटमागे पळून दाखवायला तीनऐवजी दोनच संध्याकाळी मिळतील, आणि त्यातल्या एकीला बहुधा त्याच्या आधी चौघे उभे असतील.