‘बारकं लेकरू हाय, भूल जरा कमीच द्या’

चार महिन्यांचं बाळ रडलं की जांघेत फुगवटा येतो, म्हणून माजलगावकडची एखादी आई त्याला घेऊन मोठ्या दवाखान्यात येते. हर्नियाचं ऑपरेशन ठरतं. भूलतज्ज्ञ बाई बाळाला काट्यावर ठेवतात, काटा पाच किलोवर थांबतो आणि आई हमखास म्हणते, “बारकं लेकरू हाय मॅडम, भूल जरा कमीच द्या.” ताप आला की मोठ्यांची गोळी मोडून अर्धी-पाव लेकराला द्यायची, या घरोघरच्या रीतीतलंच हे बोलणं.

तिला हसू नये. डॉक्टरांचा हिशेबही फार काळ याच जातीचा होता. थॉमस यंग या इंग्लिश डॉक्टरांच्या नावाने चालणारा नियम असा: मुलाच्या वयात १२ मिळवा आणि त्या बेरजेने वयाला भागा. म्हणजे चार वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या डोसचा चौथा हिस्सा. खोकल्याच्या औषधात हे खपून गेलं, भुलेत खपत नाही.

क्लोरोफॉर्म हे हुंगवायचं भुलेचं औषध १८४७ मध्ये वापरात आलं. २८ जानेवारी १८४८ ला इंग्लंडात न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना त्यानेच दगावली. श्वास आधी थांबतो की हृदय, हा वाद पुढे चाळीस वर्षांनी थेट आपल्या निजामाच्या राजधानीत पोचला. मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात. तिथले ब्रिटिश सर्जन एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने हैदराबादेत १८८८ आणि १८८९ मध्ये दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली, दुसऱ्यासाठी निजामाने पैसे मोजले. जनावरांवर प्रयोग करून निष्कर्ष निघाला: आधी श्वासच थांबतो, तेव्हा श्वासावर नजर ठेवा. १९११ मध्ये लेव्ही यांनी हृदयही एकाएकी बंद पडू शकतं हे मांजरांवर दाखवून तो निष्कर्ष लंगडा ठरवला. या सगळ्या भांडणात लेकरू कुठेच नव्हतं. खरं तर जॉन स्नो या इंग्लिश भूलतज्ज्ञांनी आधीच, १८५८ च्या ग्रंथात लिहून ठेवलं होतं की मुलांना क्लोरोफॉर्म लवकर चढतं आणि लवकर उतरतं, कारण त्यांचा श्वास आणि रक्ताभिसरण जलद असतं.

पण लवकर चढतं म्हणून कमी पुरतं, असं मात्र नाही. सेव्होफ्लुरेन हा आजचा भुलेचा वायू तिशी-चाळिशीतल्या माणसाला श्वासातल्या हवेत सुमारे २ टक्के लागतो, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ३.२ च्या आसपास. म्हाताऱ्याला सगळ्यात कमी. टोचायच्या औषधांचीही तीच तऱ्हा. नवजात बाळाच्या शरीरात पाऊण हिस्सा पाणीच, त्यात औषध पसरून पातळ होतं. म्हणून स्नायू सैल करणारं स्कोलिन तान्ह्याला किलोमागे मोठ्यांच्या जवळपास दुप्पट द्यावं लागतं. मॉर्फिन या वेदनाशामकाचं मात्र उलटं. नवजात बाळाचं कच्चं यकृत ते खूप हळू निकामी करतं, सावध राहिलं नाही तर श्वास मंदावतो. कच्च्या यकृताचा धडा १९५९ च्या सुमारास क्लोरॅम्फेनिकॉल या अँटिबायोटिकने दिला होता: ते न पेलून नवजात बाळं राखाडी पडून दगावली.

त्याहून वाईट प्रकरण वेदनेचं. तान्ह्याला दुखणं नीट कळत नाही असं समजून १९८० च्या दशकापर्यंत कित्येक ठिकाणी नवजातांची ऑपरेशनं अगदी हलक्या भुलेवर उरकली जात. १९८७ मध्ये भारतीय वंशाचे कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डला दाखवून दिलं की फेंटॅनिल हे जोरकस वेदनाशामक देऊन ऑपरेशन केलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शरीरावर ताण कमी येतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते.

वजनाइतकंच बाळाचं शरीर किती तयार झालंय हेही बघावं लागतं, म्हणून काटा बघून झाल्यावर भूलतज्ज्ञ बाई आणखी एक विचारतात, “दिवस भरून झालं होतं का?” आई बोटांवर मोजते. “नाही मॅडम, आठव्यातच झालं.” मग सुट्टी त्या दिवशी मिळत नाही. अशा बाळाचा श्वास भूल उतरल्यावरही मध्येच थांबू शकतो, तेव्हा रात्रभर बोटाला ऑक्सिजन मोजणारा तो लाल दिव्याचा चिमटा लावून ठेवतात.